मदत हवी आहे: जुन्या मॅसी १०३५ ची लिफ्ट अर्ध्यात अडकते, पंप गेलाय की पंपाला ताकदच पोचत नाही?

नमस्कार मंडळी, ट्रॅक्टर मॅसी १०३५, १९९६ चं मॉडेल, डबल क्लचवाला (चाकांना एक प्लेट, पीटीओला वेगळी), वडिलांनी घेतलेला आणि अजून घरचं सगळं काम त्याच्यावरच चालतं. कांद्याचं रान तयार करायचंय आणि नेमकं आत्ताच लिफ्टनं, म्हणजे मागचं अवजार तेलाच्या दाबावर उचलणाऱ्या यंत्रणेनं, दगा दिलाय. जाणकारांनी जरा वेळ काढून वाचा, प्लीज.

होतंय काय, तर मोकळी लिफ्ट वर-खाली व्यवस्थित होते, फणपाळी पण उचलते, पण पल्टी नांगर लावला की अर्ध्यापर्यंत येते आणि तिथं थरथरत थांबते. झटके देत देत चढते, सलग चढत नाही. सकाळी गार असताना कसाबसा नांगर पूर्ण वर येतो पण तासभर चाललं की मग रेस वाढवली तरी हलत नाही. आणि त्यावेळी सीटखालून, म्हणजे टॉप कव्हरच्या आतून, एक कट-कट-कट असा आवाज येतो, रेस वाढवली की आवाज पण जलद होतो.

आता ह्या गाडीत पंप आत मागच्या हाउसिंगमध्ये तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या शाफ्टवरच (मागं अवजाराला फिरती ताकद देणारा दांडा) फिरतो, म्हणून पीटीओ लिव्हर टाकल्याशिवाय लिफ्ट चालत नाही हे माहितीये, लिव्हर पूर्ण बसलेला आहे, ते आधी बघितलं. ऑइल लेव्हल डिपस्टिकवर बरोबर आहे, तेल पांढरट नाही म्हणजे पाणी गेलेलं नाही. आणखी एक, नांगर सकाळी वर घेऊन इंजिन बंद करून ठेवला तर तसाच वर राहतो, लगेच खाली बसत नाही.

मिस्त्री म्हणतो क्लचची पीटीओवाली प्लेट गेलीय, ट्रॅक्टर मधून फोडावा लागेल, आणि फोडलाच आहे तर पंप पण नवीन टाकू. मला हेच पटत नाहीये. पंपासाठी टॉप कव्हर उचललं आणि मागून पीटीओ शाफ्ट ओढला की भागतं, क्लचसाठी मात्र अख्खी गाडी दोन भागात करावी लागते, खर्चात आणि दिवसात केवढा फरक आहे. ज्याची गरज नाही ते का करायचं? तर फोडायच्या आधी क्लच, पंप की मधलं काही, हे ओळखायचं कसं ते सांगा.

प्रतिसाद १:
भाऊ, क्लच आहे का नाही ते पाच मिनिटात कळतं. नांगर लावून लिफ्ट वर घ्या, दुसऱ्या माणसाला बाजूला लांब उभं करून मागच्या पीटीओ शाफ्टकडं बघायला सांगा. कपडे, टॉवेल काही लोंबकळत नको, शाफ्टला कोणी हात लावायचा नाही. लिफ्ट अडकली त्या क्षणी शाफ्ट मंद झाला किंवा थांबला तर क्लच प्लेट घसरतीय. झटके खात फिरला तर लिव्हरखालच्या कपलिंगचे दात बघा. आणि शाफ्ट एकसारखा फिरत राहिला तर क्लचला हात लावायचं कारणच नाही, गडबड पंपात नाहीतर पंपाच्या पुढं.

प्रतिसाद २:
वरच्या दादांचं बरोबर. त्यात माझं थोडं. बंद गाडीवर नांगर टिकतो म्हणजे सिलिंडरची रिंग बहुतेक ठीक आहे, पण सकाळी टिकतो हे बघितलंय, गरम झाल्यावर पण बघा, तेल पातळ झालं की गळती तेव्हाच दिसते. झटके देत चढणं हे मी पंपाच्या व्हॉल्व्हवर धरीन. ह्यात चार पिस्टन असतात, एकाचा व्हॉल्व्ह नीट बसत नसला किंवा खाली कचरा अडकला की तीन ढकलतात आणि एक परत घेतं, म्हणून ती थरथर. उजव्या बाजूचं साइड कव्हर काढा, लागेल तेवढं तेल उतरवा, आणि लिफ्टवर वजन देऊन लांबून टॉर्चनं आत बघा. पंपातून वर जाणारा पाइप जिथं बसतो तिथून फवारा दिसला तर ओ-रिंग (जोडातली रबरी रिंग) गेलीय, रिलीफ व्हॉल्व्हमधून (दाब जास्त झाला की तेल सोडणारा) तेल उडत असेल तर तो लवकर उघडतोय. हात मात्र आत घालू नका, शाफ्ट फिरत असतो.

मूळ धागाकर्ता:
दोघांचे आभार, आज भावाला सोबत घेऊन दोन्ही बघितलं. शाफ्ट अजिबात मंद होत नाही, लिफ्ट थरथरत असताना पण एका लयीत फिरतोय, म्हणजे क्लचवरचा संशय सुटला, केवढा भार उतरला काय सांगू. गाडी गरम करून साइड कव्हर काढून बघितलं तर पाइपाच्या बुडातून तेल उडतंय, बारीक पण जोरात, नांगर जड झाला की जास्त. रिलीफ व्हॉल्व्ह कोरडा दिसला.

आता टॉप कव्हर उचलायचं नक्की, क्रेन नाही पण चेन पुली आहे. ओ-रिंग तर बदलणारच, पण ती कट-कट एकट्या ओ-रिंगची नसणार असं वाटतंय. पंप बाहेर येणारच आहे तर व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीटा खोलून बघतो, शाफ्टच्या स्प्लाइनला (शाफ्टवरचे लांब दात) खेळ किती आहे ते पण बघतो. कॅमवरचे ब्लॉक (पंपाचे पिस्टन पुढं-मागं ढकलणारे तुकडे) किती झिजले तर टाकून द्यायचे आणि किती चालतात, हे ज्यांनी हातानं खोललंय त्यांनी सांगा. शक्य असेल तर झिजलेल्या भागाचा फोटो टाका, शेजारी ठेवून बघतो.