नमुना लगेच पाहिजे, लस मात्र जमेल तेव्हा?

सूक्ष्मदर्शी: आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली (२००५) सांगते, संशयास्पद साथीची ४८ तासांत छाननी करा आणि त्यानंतर २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवा. दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ ला कोविडचा नवा प्रकार, ओमायक्रॉन, कळवला. दोन दिवसांत ब्रिटनने तिथली विमानं बंद केली. अशा बंदीचं शास्त्रीय कारण द्यायला याच नियमावलीचं कलम ४३ सांगतं, पण न दिल्यास दंड काहीच नाही. म्हणजे कळवणाऱ्याला फटका, बदल्यात काही नाही. म्हणून संघटनेच्या मे २०२५ च्या महासाथ करारातलं कलम १२ मला पटतं: रोगजंतूंचे नमुने लगेच मिळण्याच्या बदल्यात सहभागी कंपन्यांनी महासाथीत लस-औषधांचं २० टक्के उत्पादन संघटनेसाठी ठेवायचं; किमान १० टक्के फुकट, बाकी परवडेल अशा दराने.

तिरकस: नमुन्याला कागदपत्रं चिकटवली की वेळ गेलाच. कोविडच्या विषाणूचा जनुकक्रम, म्हणजे त्याचा जनुकीय आराखडा, १० जानेवारी २०२० ला खुला झाला, १६ मार्चला मॉडर्नाची लस चाचणीत टोचली गेली. क्रम हाती असला की नमुन्याची कुपीसुद्धा लागत नाही. मग हिशेब कोणाकडे मागणार?

सूक्ष्मदर्शी: कंपन्यांच्या सह्या साथीआधीच घ्यायच्या असतात हो! २००७ मध्ये इंडोनेशियाने एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने अडवले, कारण त्यातून होणारी लस त्यांनाच परवडणार नव्हती. त्या भांडणातून २०११ ची फ्लू-चौकट आली: फ्लूचे नमुने आणि त्यांचे फायदे वाटून घेण्याचे संघटनेचे नियम. कंपन्या आधी करार करतात, शिवाय फ्लूवर नजर ठेवणाऱ्या प्रयोगशाळांच्या जाळ्याचा निम्मा चालू खर्च उचलतात. फ्लूचं संशोधन काही ठप्प झालं नाही. क्रमाची पळवाट मात्र खरी आहे, ती बुजवावीच लागेल.

शीतसाखळी: दोघंही कंपन्यांनाच धरून बसलात. मार्च २०२१ मध्ये आपल्याकडे लाट उसळली आणि पुण्याच्या सीरमचे कोव्हॅक्सला, म्हणजे गरीब देशांना लस पुरवणाऱ्या जागतिक योजनेला, जाणारे डोस अडले, ते थेट नोव्हेंबरपर्यंत. कंपनीचा करार होता की! सरकारपुढे तो काय करणार?

आणि एमपॉक्स (मंकीपॉक्स) बघा. कांगोच्या नियामकाने जून २०२४ मध्येच लस मंजूर केली होती. पण संघटनेची मान्यता नसली की ‘गावी’ ही जागतिक लस-आघाडी आणि युनिसेफ सहसा खरेदी करत नाहीत, आणि ती मान्यता, म्हणजे पूर्वपात्रता, आली १३ सप्टेंबरला. दान केलेले पहिले डोस ५ सप्टेंबरला कांगोची राजधानी किन्शासात उतरले, टोचणी ५ ऑक्टोबरला सुरू. उणे २० अंशांत ठेवायची लस, एकदा वितळली की पुन्हा गोठवता येत नाही. म्हणजे लाभार्थ्यांची यादी, टोचणारी माणसं, गाड्या आधी तयार हव्यात. टक्केवारीत यातलं काय येतं?

तिरकस: मग पैसा तिथेच घाला. नियामक, फ्रीझर, माणसं. करार कशाला?

सूक्ष्मदर्शी: कारण फ्रीझर भरायला लस लागते. राखीव २० टक्क्यांना निर्यातबंदी लागू होणार नाही, एवढं एक वाक्य लिहून घ्या. भारत सही करेल?

शीतसाखळी: लाट नसताना नक्की करेल.