प्रतिसाद: सहा महिन्यांच्या भाचीसाठी क्रोशाचा हत्ती, लोकर कोणती?

वेल्वेट लोकर मऊ असते म्हणून ती घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. या वयाच्या बाळासाठी नकोच. बाळ सोंड सतत तोंडात घालणार आणि त्या लोकरीचे तंतू सुटतात. शिवाय टाके दिसत नाहीत, मोजायचे कसे?

सरळ सुती दोरा घ्या. कोल्हापुरात महाद्वार रोडला घ्यायला जाल तेव्हा दोरा हातात धरून पीळ उलटा फिरवून बघा. पदर लगेच सुटले तर सुई त्यात अडकणार. वेष्टनावर ४ मिमी सुई सांगितली असेल तर २.५ किंवा ३ घ्या. मुका खांब, म्हणजे क्रोशाचा आखूड टाका, घट्ट बसतो, आतला कापूस डोकावत नाही. लाल दोऱ्याचा रंग सुटतो का, ते आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघाच.

आपल्याकडच्या पावसात सुती खेळणं लवकर वाळत नाही, हे मात्र खरं. म्हणून हत्ती लहानच करा. आणि डोळे प्लास्टिकचे नकोत, दोऱ्यानेच भरा!