लॅब सोडून वकिलांच्या फर्ममध्ये: विज्ञान सुटलं का?

कल्चरवाली: बायोटेकमध्ये एमएस्सी, आता नागपुरातल्या एका लॉ फर्ममध्ये पेटंट एजंट, म्हणजे लोकांच्या शोधांचे पेटंट अर्ज लिहून ते पेटंट कार्यालयापुढे मांडणारी. परवा लग्नात काकांनी पंगतीतच विचारलं, "लॅब सोडून वकिलाकडे टायपिंग करते म्हणे?"

माझं मत उलटं आहे. लॅबमध्ये मी वर्षभर एकच जीन धरून बसले होते. इथे परवा एकजण लोणारच्या मातीतला जीवाणू घेऊन आले. निसर्गात सापडलेला जीवाणू पेटंट होत नाही, पेटंट कायद्याचं कलम ३(सी). मग त्याच्यापासून नेमकं काय नवीन केलं, ते खोदून काढायचं. जीवाणू शब्दांत पुरता मांडता येत नसेल, तर अर्जाच्या तारखेपर्यंत जीवाणूंच्या मान्यताप्राप्त संग्रहात जमा हवा (पुण्यात सोय आहे), वर जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी. तीन तास मी त्या माणसाला फक्त "का?" विचारत होते. याला टायपिंग म्हणतात?

सरकीपाकीट: ताई, हुशारी मान्य. पण ती कोणासाठी? आमच्या यवतमाळात २००२ नंतर बीटी, म्हणजे बोंडअळीविरुद्ध जीन घातलेलं कापसाचं बियाणं आलं, पाकिटाच्या किमतीत कंपनीची फी आली. असल्या मक्तेदारीचे कागद तुमच्यासारखेच लोक लिहितात न?

कल्चरवाली: भाऊ, २००२ च्या त्या पहिल्या बीटीवर भारतात पेटंटच नव्हतं. फी आली ती बियाणं कंपन्यांशी केलेल्या करारातून. पेटंट होतं ते पुढच्या, दोन जीनवाल्या बीटीचं. ते २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं कलम ३(जे)खाली (झाडं, बियाणं, वाण यांना पेटंट नाही असं सांगणारं) रद्द केलं, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवून खटला परत पाठवला, आणि २०२१ मध्ये पेटंटवाली आणि बियाण्याची अशा दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवलं. बियाण्यात घातलेला जीन ३(जे)मध्ये बसतो का, याचा निकाल लागलाच नाही.

सरकीपाकीट: कागद सांगता जी तुम्ही. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली, तिनं पेटंट पाहिलं नाही. फी मात्र आम्ही भरून बसलो होतो.

कल्चरवाली: याला माझ्याकडे उत्तर नाही.

जुना_पिपेट: तत्त्वाचं राहू द्या, पोटाचं बोला. मी हे काम चार वर्षं करून सोडलं. पेटंट एजंटची परीक्षा २०१८ नंतर थेट २०२३ ला झाली. तोवर पोरं "ट्रेनी" म्हणूनच राबली. पास झालात तरी पेटंट कार्यालयापुढे बोलता येतं, कोर्टात नाही. तिथे वकीलच उभा राहतो, आणि फर्ममध्ये भागीदारही सहसा तोच होतो. गंमत म्हणजे बौद्धिक संपदेची राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था आपल्या नागपुरात, अर्ज मात्र मुंबई कार्यालयाच्या नावे. नीरी (पर्यावरण संशोधन संस्था), कापूस संशोधन संस्था सगळं इथे, पण खाजगी क्लायंट? प्राध्यापक येतात, तेही पेपर छापून झाल्यावर. मग पेटंटला लागणारं नावीन्य कुठलं उरणार!

कल्चरवाली: पेपरचं शंभर टक्के खरं. भागीदारीचं मलाही टोचतं, म्हणून संध्याकाळचं एलएलबी सुरू केलंय.

जुना_पिपेट: म्हणजे काका बरोबर होते. तुम्ही वकीलच होताय.

सरकीपाकीट: एक विचारतो, भांडण बाजूला ठेवून. बाबा पंधरा वर्षांपासून तुरीची एक निवड (चांगली झाडं निवडून राखलेलं बियाणं) जपून आहेत. पेटंट होईल काय?

कल्चरवाली: पेटंट नाही, ३(जे) आडवं येतं. पण २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकरी वाण म्हणून नोंद करता येते. बियाणं दुसऱ्या तुरीत मिसळू देऊ नका, आणि कधीपासून लावता ते लिहून पाठवा.

सरकीपाकीट: पाठवतो. तुमची फी सांगा आधी.