मदत हवी आहे : ताईची पिट्युटरी निकामी, ग्रोथ हॉर्मोन कमी, हृदयासाठी इंजेक्शन सुरू करावं का?

नमस्कार मंडळी,

मोठ्या बहिणीसाठी लिहितेय. ताई ४६ वर्षांची, सातारा जिल्ह्यात राहते. धाकट्याच्या वेळी वार अडकली, अंगावरून बेसुमार गेलं, रक्ताच्या बाटल्या चढवल्या तेव्हा कुठे वाचली. त्यानंतर पान्हा फुटलाच नाही आणि पाळीही परत आली नाही. घरच्यांनी 'बाळंतपण बाधलं' म्हणून सोडून दिलं. पुढे थंडी सोसेना, काखेतले केस गेले, दुपार झाली की अंथरूण धरायची. टॉनिकं झाली, लोहाच्या गोळ्या झाल्या, बी१२ झालं. पाळी कधी थांबली एवढं साधंसुद्धा कुठल्या दवाखान्यात कुणी विचारलं नाही, याचा मला अजून राग येतो.

गेल्या पावसाळ्यात तापात भोवळ येऊन पडली. सोडियम फार खाली गेलेलं. पुण्याला हलवलं, तिथल्या हॉर्मोनच्या डॉक्टर मॅडमनी पहिलंच विचारलं, "बाळाला अंगावर पाजलं होतं का?" एमआरआयमध्ये पिट्युटरीची, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या आणि बाकी ग्रंथींना चालवणाऱ्या छोट्या ग्रंथीची, जागा जवळजवळ रिकामी. शीहान सिंड्रोम. गरोदरपणात ही ग्रंथी मोठी होते आणि नेमकं तेव्हा रक्त कमी पडलं की तिच्या पेशी मरतात. आधी हायड्रोकॉर्टिझोन (शरीरातल्या कॉर्टिसोल हॉर्मोनची जागा घेणारं स्टिरॉइड) दिलं, मग थायरॉईडची गोळी. हा क्रम उलटा झाला तर जिवावर बेतू शकतं, असं मॅडमनी आम्हाला दोनदा बजावलं.

आता खरा प्रश्न. एकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाभोवती थोडं पाणी होतं, ते थायरॉईडच्या गोळीने ओसरलं. पण थायरॉईड जागेवर येऊनही एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १७८ आहे. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं, एक जिना चढली की दम लागतो. आयजीएफ-१ (ग्रोथ हॉर्मोन किती आहे याचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी) अगदीच कमी आलंय. बाकीची तीन हॉर्मोन्स आधीच गेलेली असल्याने वेगळी चाचणी करायची गरज नाही, असं मॅडम म्हणाल्या. रोज रात्री ग्रोथ हॉर्मोनचं इंजेक्शन, सुरुवात ०.२ मिलिग्रॅमपासून, असं त्यांनी सुचवलंय. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) पुरे. आणि दाजी म्हणतात, "या वयात काय उंची वाढवायची आहे का?"

मी वाचलं ते असं. मोठेपणी हे हॉर्मोन चरबी, स्नायू, हाडं आणि हृदयाच्या स्नायूसाठी लागतं. अमेरिकेत प्रौढांसाठी त्याला १९९६ मध्ये मान्यता मिळाली. स्वीडनच्या गोथेनबर्गमधला १९९०चा अभ्यास सगळीकडे सांगतात: पिट्युटरी निकामी झालेले ३३३ रुग्ण, बाकीची हॉर्मोन्स औषधाने दिलेली पण ग्रोथ हॉर्मोन दिलेलं नाही. मृत्यू अपेक्षित होते ५७, झाले १०४, आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने जवळजवळ दुप्पट. हे वाचून मी हादरले. मग ब्राझीलच्या इटाबायानिन्या गावाबद्दल वाचलं. तिथे जन्मापासून फक्त हेच हॉर्मोन कमी असलेली बरीच माणसं आहेत. कोलेस्टेरॉल जास्त, पोटावर चरबी, तरीही रक्तवाहिन्या लवकर खराब झालेल्या दिसत नाहीत. मग हृदयाला धोका नक्की कशाचा? इंजेक्शन महागडं आहे आणि वर्षानुवर्षं घ्यावं लागेल. कुणाच्या घरी हा अनुभव असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद :
माझ्या यजमानांची पिट्युटरीची गाठ काढली, त्यानंतर ते हे इंजेक्शन घेतात. सुरुवातीला बोटं इतकी सुजली की अंगठी निघेना. डोस कमी केल्यावर उतरली. पोट हळूहळू कमी झालं, चालण्याचा दम वाढला, एलडीएल थोडं उतरलं पण स्टॅटिन सुटली नाही. एक सांगते, हे इंजेक्शन सुरू झालं की शरीरात कॉर्टिसोल कमी पडू शकतं आणि थायरॉईडचा डोसही बदलावा लागू शकतो. फ्री टी४ (रक्तातलं थायरॉईड हॉर्मोन) बघायला सांगा, टीएसएच पिट्युटरीच बनवते, म्हणून पिट्युटरीच्या रुग्णाला त्यावरून काही कळत नाही. साखरही तपासत राहा.

प्रतिसाद :
मी डॉक्टर आहे, पण तुमच्या ताईंना तपासलेलं नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा. गोथेनबर्गचे आकडे खरे आहेत, पण सगळा दोष ग्रोथ हॉर्मोनच्या माथी मारता येत नाही. त्या काळी अशा रुग्णांना स्टिरॉइडचे डोस आजच्यापेक्षा जास्त असत, अनेकांच्या डोक्याला रेडिएशन दिलेलं असे, आणि बायकांना इस्ट्रोजेन (स्त्रियांचं हॉर्मोन) बहुधा मिळतच नसे. इंजेक्शनने एलडीएल आणि पोटावरची चरबी कमी होते, गळ्यातल्या धमनीच्या भिंतीची जाडीही घटल्याचं दिसलंय. पण त्यामुळे हृदयविकाराचे मृत्यू टळतात, हे चिठ्ठ्या टाकून दोन गट करून केलेल्या चाचणीत अजून सिद्ध झालेलं नाही. म्हणून स्टॅटिन की इंजेक्शन असा वाद नकोच. स्टॅटिन लागेलच, इंजेक्शनचा विचार दम, ताकद आणि जगणं सुसह्य होण्यासाठी करा.

मला जास्त काळजी वेगळी वाटते. ताईंची पाळी तरुणपणीच गेली. इस्ट्रोजेन कधी दिलंय का? तेवढी वर्षं ते नसणं हृदयाला आणि हाडांना घातक असतं. द्यायचं ठरलं तर पॅच (त्वचेवर चिकटवायची औषधाची पट्टी) की गोळी हे आधी विचारा. गोळी घेणाऱ्या बायकांना ग्रोथ हॉर्मोनचा डोस जास्त लागतो, म्हणजे खर्चही वाढतो. हायड्रोकॉर्टिझोन दिवसाला किती चालू आहे? साधारण १५ ते २० मिलिग्रॅम पुरतं.

धागाकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार. इस्ट्रोजेन आजवर कुणीच दिलेलं नाही, हाडांची घनताही तपासलेली नाही. हायड्रोकॉर्टिझोन मात्र ३० चालू आहे! तापाच्या वेळी दुप्पट केलेला डोस परत खाली आणलाच नाही की काय, हे आजच मॅडमना फोन करून विचारते. स्वतःहून एक गोळीही कमी करणार नाही. पुढच्या भेटीला इस्ट्रोजेन, हाडं, स्टॅटिन आणि शेवटी इंजेक्शन, या क्रमाने विचारायचं ठरवलंय. दाजींनाही सोबत नेतेय.

कुणी इस्ट्रोजेनचा पॅच वापरत असेल तर दोन गोष्टी सांगा: साताऱ्यात किंवा पुण्यात नियमित मिळतो का, आणि उन्हाळ्यात घामाने निघतो का? ताई दिवसभर शेतात असते.