एएफएलच्या ड्राफ्टमध्ये उंचीला इतके वजन असावे का?

धागाकर्ता
२०१४ साली १८ वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडूचे लार्क पदक मिळवणाऱ्या केलेब डॅनियलला त्याच वर्षीच्या एएफएल (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, ४६ व्या क्रमांकापर्यंत थांबावे लागले, आणि त्याची उंची १६८ सेंटिमीटर होती याखेरीज मला त्याचे दुसरे कारण दिसत नाही. वेस्टर्न बुलडॉग्ज क्लबने त्याला घेतले. २०१६ मध्ये तो विजेत्या संघात होता आणि २०२० मध्ये ऑल-ऑस्ट्रेलियन (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या) संघात. उंची ही मैदानावरच्या ठरावीक जागांसाठीची अट असावी, मुलाच्या भवितव्याचे माप नसावे, असे माझे ठाम मत आहे.

पहिला प्रतिसाद
असहमत. ऑस्ट्रेलियन रूल्स हा हवेतलाही खेळ आहे. लांबून आलेली किक बचावपटूच्या डोक्यावरून झेलून मार्क (किकवरचा थेट झेल) घेणारा फॉरवर्ड (आक्रमक खेळाडू) आणि पंचाने वर टाकलेला चेंडू साथीदाराकडे ढकलणारा रकमन, या दोघांच्या कामात उंचीला पर्याय नाही. किक सरावाने सुधारते, उंची सुधारत नाही. दोन मीटरच्या आसपासची आणि शिवाय चपळ असलेली मुले मोजकीच असतात, म्हणून क्लब त्यांना आधी निवडतात. यात अन्याय नाही, टंचाईचा हिशेब आहे.

दुसरा प्रतिसाद
एवढाच हिशेब असता, तर दोन मीटरहून उंच मॅक्स गॉन २००९ मध्ये ३४ व्या क्रमांकापर्यंत उरलाच नसता. २०१४ चेच पाहा: सेंट किल्डाने पहिल्या क्रमांकावर १९३ सेंटिमीटरचा पॅडी मॅककार्टिन निवडला, आणि दुसऱ्या क्रमांकावर मेलबर्न क्लबला मिळालेल्या ख्रिश्चन पेट्राकाने २०२१ च्या अंतिम सामन्यात सर्वोत्तम खेळाडूचे नॉर्म स्मिथ पदक जिंकले.

पहिला प्रतिसादक
मॅककार्टिनचे उदाहरण कृपया मागे घ्या. त्याची कारकीर्द डोक्याला वारंवार झालेल्या आघातांनी खुंटली. ते निवडीचे अपयश नव्हते. गॉनबद्दल म्हणाल, तर रकमन तयार व्हायला वर्षे लागतात, म्हणून क्लब त्याच्यासाठी पहिली निवड खर्च करायला कचरतात.

धागाकर्ता
मॅककार्टिनबद्दल आपले म्हणणे मला मान्य आहे. पण वर्षे देण्याची ही तयारी कोणासाठी असते? २११ सेंटिमीटरच्या मेसन कॉक्सला कॉलिंगवूडने अमेरिकेतल्या बास्केटबॉलमधून आणून हा खेळ मुळापासून शिकवला, आणि २०२३ च्या विजेत्या संघात तो होता. हे मला मनापासून आवडते. १७७ सेंटिमीटरचा लॅची नील मात्र २०११ मध्ये ५८ व्या क्रमांकावर निवडला गेला, आणि पुढे २०२० व २०२३ अशी हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूची दोन ब्राउनलो पदके त्याने मिळवली. त्याला हा खेळ शिकवण्याची गरज नव्हती. तो आधीपासून खेळतच होता.