आईच्या वॉर्डातल्या सिस्टरबद्दल

विषय: मुंबईत हॉस्पिटलची तक्रार कुठे करायची?

नमस्कार मंडळी,
आईला गेल्या आठवड्यात मुंबईत ॲडमिट केलंय, शुगर खूप वाढली होती आणि पायाची जखम भरत नव्हती. चुलतभाऊ तिथे धावपळ करतोय, मी इथे बर्मिंगहॅमला बसून फोनवर. काल रात्रीच्या सिस्टर व्हिडिओ कॉलवर माझ्याशी नीट बोलल्याच नाहीत, डिस्चार्ज कधी विचारलं तर "डॉक्टरांना विचारा" एवढंच बोलून निघून गेल्या. एवढं बिल भरायचं आणि वर हा ॲटिट्यूड. तक्रार कोणाकडे करायची माहीत असेल तर कळवा, मी हे सोडणार नाहीये.

---

उत्तर: मुंबईत हॉस्पिटलची तक्रार कुठे करायची?

दादा, आई लवकर बऱ्या होऊ देत.

मी सहा वर्षं तुमच्याच बर्मिंगहॅमच्या मंडळात होते, गणपतीला मोदकांच्या टेबलावर असायचे ती. चार वर्षं झाली मुंबईत परत येऊन, इथेही नर्सच आहे. मंडळाच्या मेलिंग लिस्टवरून नाव काढलं नव्हतं म्हणून मेल दिसला आणि राहवलं नाही. त्या सिस्टर तुमच्याशी कशा बोलल्या ते मी ऐकलेलं नाही त्यामुळे त्यांची बाजू घेत नाही, पण त्याआधी त्या वॉर्डात काय झालं होतं ते भावाला एकदा विचाराल का?

का म्हणते ते सांगते. दोन महिन्यांपूर्वी माझी नाइट होती. तीस पेशंट आणि आम्ही दोघी. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात साध्या हॉस्पिटलात ५ पेशंटमागे एक नर्स आहे, आता तुम्हीच हिशोब करा. एका पेशंटचा डिस्चार्ज दुपारी तीनपासून अडकला होता कारण कॅशलेसचं, म्हणजे विमा कंपनीने परस्पर बिल भरायचं, अप्रूव्हल आलं नव्हतं. त्यांचा मुलगा रात्री नऊला काउंटरवर आला, मोबाइल माझ्या तोंडासमोर धरून शूटिंग चालू, आणि एक दिवसाचं बिल वाढवायला मुद्दाम अडकवलंय इथून सुरू करून "तुझी लायकी बेडपॅन उचलायची, तेवढंच कर" इथपर्यंत आला. त्यापुढचं इथे लिहिण्यासारखं नाही. बेडपॅन मी उचलते, त्याची मला कधीच लाज वाटली नाही, पण तीस पेशंट आणि त्यांच्या नातेवाइकांसमोर ते ज्या पद्धतीने बोललं गेलं ते अजून कानातून जात नाही. सिक्युरिटीचा माणूस दारात उभा राहून बघत होता.

(ती मंजुरी विमा कंपनीने ३ तासांत द्यायची असा विमा नियामक आयआरडीएआयचा २०२४ चा नियम आहे, उशीर झाला तर जादा खर्च कंपनीने सोसायचा. विचारायचं टीपीए डेस्कला, म्हणजे हॉस्पिटलातल्या विम्याच्या काउंटरला. सिस्टरच्या हातात ती फाइल नसते हो, पण चोवीस तास समोर दिसते ती सिस्टरच.)

त्यानंतर पाचच मिनिटांत मला दुसऱ्या एका आजींना इन्सुलिन द्यायचं होतं. बाटली १०० युनिटवाली, म्हणजे एका मिलीला १०० युनिट. तिला केशरी टोपीची सिरिंज लागते, लाल टोपीची असते ती ४० वाल्या बाटलीसाठी. ट्रेमध्ये दोन्ही होत्या आणि माझ्या थरथरत्या हाताने लाल उचलली. दहाच्या खुणेपर्यंत भरली पण. सोबतची सिस्टर म्हणाली, "अगं टोपी बघ." त्या दहाच्या खुणेवर प्रत्यक्षात २५ युनिट होते दादा, अडीच पट. आजी झोपल्या असत्या आणि झोपेतच शुगर उतरली असती, सकाळपर्यंत कोणाला कळलंही नसतं. मी तिथेच खाली बसले.

सकाळी मी स्वतःहून इन्सिडंट फॉर्म भरला, चूक लपवायची नाही हे आम्हाला शिकवलंय. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "नातेवाइकाने केलेल्या शिवीगाळीमुळे लक्ष विचलित." मेट्रननी वाचला, वरच्या ऑफिसात फोन केला आणि मला म्हणाल्या हा शब्द काढ, फॉर्म नवीन घे. मी नवीन घेतला. कारण: निष्काळजीपणा. दुपारी त्या मुलासमोर मला सॉरीही म्हणायला लावलं, का तर फीडबॅक खराब जाईल.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्रात आरोग्यसेवकांवरच्या हिंसेविरुद्ध २०१० चा कायदा आहे, त्यात नर्सही येतात, नुसती मारहाण नाही तर धमकावणं आणि कामात अडथळा आणणंसुद्धा येतं, अजामीनपात्र गुन्हा, ३ वर्षांपर्यंत कैद. बोलण्यात बाईपणावरून घाणेरडं काही असेल तर २०१३ च्या लैंगिक छळाच्या कायद्यात बाहेरून येणाऱ्या माणसांपासूनही आम्हाला सुरक्षित ठेवायची जबाबदारी मालकाची आहे. पण आमच्या मागे उभं कोण राहणार? एकटी सिस्टर नाइट संपवून पोलीस स्टेशनला जाऊन बसेल का, आणि गेली तर पुढच्या महिन्यात तिची नोकरी राहील का? कागदावर शिवीगाळ कुठेच नाही म्हणून मॅनेजमेंट म्हणतं आमच्याकडे असले प्रकार होतच नाहीत, आणि होतच नाहीत म्हणून सिक्युरिटी वाढत नाही, स्टाफही वाढत नाही.

खूप लिहिलं, माफ करा.

---

उत्तर: मुंबईत हॉस्पिटलची तक्रार कुठे करायची?

ताईंशी शंभर टक्के सहमत. मी इथे बरीच वर्षं वॉर्डात आहे. एप्रिल २०२० पासून एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, स्टाफला वर्णावरून वगैरे बोलणाऱ्या किंवा छळणाऱ्या पेशंटला, जिवावरचा प्रसंग नसेल तर, उपचार नाकारता येतात. म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं नाही, मलाही "परत जा" ऐकावं लागलंय. पण तेव्हा माझी मॅनेजर स्वतः त्या बेडजवळ जाऊन उभी राहिली होती. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवू शकले, एवढा फरक पडतो.

---

उत्तर: मुंबईत हॉस्पिटलची तक्रार कुठे करायची?

ताई, भावाला फोन केला. आधी टाळत होता, मग खोदून विचारल्यावर म्हणाला की माझ्या कॉलच्या अर्धा तास आधी सलाईन संपलं म्हणून त्याने त्या सिस्टरना अख्ख्या वॉर्डासमोर झापलं होतं आणि काय काय बोलला ते त्याने मला सांगितलं, मी इथे लिहू शकत नाही. आणि मग मी कॉलवर आलो तो "आधी तुमचं नाव सांगा" म्हणतच आलो. आई म्हणाली ती पोरगी त्यानंतरही रात्री दोनदा येऊन पायाची पट्टी बघून गेली.

भाऊ आज संध्याकाळी जाऊन माफी मागतोय, जिथे बोलला तिथेच, सगळ्यांसमोर. मी हॉस्पिटलला मेल करतोय. कसं लिहू म्हणजे सिस्टरनाच उलटा त्रास होणार नाही?

---

उत्तर: मुंबईत हॉस्पिटलची तक्रार कुठे करायची?

दादा, तारीख, वेळ, बेड नंबर लिहा. चूक नातेवाइकाची होती, सिस्टरची नव्हती हे पहिल्याच ओळीत येऊ दे. मेट्रन आणि मेडिकल सुपरिंटेंडेंट दोघांना एकाच मेलमध्ये टाका आणि पोचल्याचं उत्तर मागा. "गैरसमज झाला" वगैरे लिहू नका, शिवीगाळ हाच शब्द लिहा.

उद्या माझी मॉर्निंग आहे, रात्री दहापर्यंत पाठवलंत तर वाचून देते. आणि आज आईंची शुगर किती आली?