यजमान घराला भाडं मिळत नाही

'अमेरिकेत परदेशी विद्यार्थी घरी ठेवणाऱ्यांना महिन्याला किती मिळतात?' असं एकाने विचारलंय. जे-१ व्हिसावर (सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठीचा अमेरिकी व्हिसा) जाणाऱ्या शाळकरी मुलांच्या बाबतीत काहीच नाही. लोक हौसेने ठेवतात. त्याआधी घरी येऊन मुलाखत होते, घरातल्या १८ वर्षांवरच्या सगळ्यांची गुन्हेगारी नोंद तपासतात. पुढे प्रायोजक संस्थेच्या (मुलांची तिथली सोय बघणारी संस्था) स्थानिक समन्वयकाने दर महिन्याला मुलांची खबरबात घ्यायचीच असते. माझी भाची नौपाड्यातून गेली तेव्हा ताईने त्या समन्वयकाचा नंबर आधी फ्रिजवर चिकटवला! व्हिसासाठी लागणारा डीएस-२०१९ फॉर्म प्रायोजक संस्था देते, वकिलात नाही. आणि 'परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहा' ही अट सरसकट नसते. सरकारी खर्चाने गेलेल्यांना मात्र ती लागू होते.